सासूबाईंच्या वहीतली रेघ: हाताने काढलेलं चित्र छपाईसाठी कसं तयार करावं

चैत्रात गौर बसली की ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या दारासमोर सासूबाई चैत्रांगण काढायच्या. झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, कासव, गाय-वासरू, शंख, तुळशीवृंदावन, फणी-करंडा, गोपद्मं. गुडघ्यांनी साथ सोडली तशी त्यांनी जमिनीवर बसणं थांबवलं. पण त्याआधी कधीतरी ही सगळी चिन्हं एका एकरेघी वहीत काळ्या शाईने, टाकाने काढून ठेवली होती. ती वही माझ्या हाती आली तेव्हा पानं पिवळी पडली होती. शाई मात्र जशीच्या तशी होती.

हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना पन्ह्या-डाळीबरोबर मांजरपाटाची पिशवी द्यायची, तिच्यावर आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, चैत्रांगण छापायचं आणि आमंत्रणपत्रिकेवरही तेच चित्र घ्यायचं, असं ठरलं. पहिल्या वर्षी मी फोनने फोटो काढले आणि तसेच छापायला दिले. क्रीम रंगाच्या पत्रिकेवर गौरीभोवती फिकट राखाडी चौकोन उमटला. पिशवीवर मी हौसेने सगळीच चिन्हं दाटीवाटीने बसवली होती. तिथे झोपाळ्याच्या साखळीच्या कड्या बुजून नुसती जाड काळी दोरी झाली. आईंनी पिशवी हातात घेतली, साखळीवरून बोट फिरवलं आणि घडी घालून ठेवली. ते मला फार लागलं. छापणाऱ्याची काहीच चूक नव्हती. मी दिलेल्या फाइलमध्येच कागद आणि शाई एकमेकांत मिसळलेले होते.

त्यानंतर मी हे काम नीट शिकले. ते इथे लिहिते आहे, कारण असं काहीतरी बहुतेक घरांत असतं: आजीची रांगोळीची वही, आजोबांनी काढलेला घराचा नकाशा, मुलीने पेनाने काढलेली वारली.

नवं चित्र काढणार असाल तर

हा भाग थोडक्यात सांगते. कागद गुळगुळीत आणि जाड घ्या. झेरॉक्सच्या पातळ कागदावर शाई धाग्याधाग्याने पसरते. डोळ्यांना ते दिसत नाही, स्कॅनमध्ये प्रत्येक रेघेला केस फुटलेले दिसतात. ठाण्याच्या पावसाळ्यात तर चांगला कागदही ओल धरतो. जून ते सप्टेंबर मी कागद कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवते. शाई वॉटरप्रूफ काळी असावी, ड्रॉइंग इंक किंवा पिगमेंट शाईचं बारीक पेन. बॉलपेनची रेघ मध्येमध्ये पांढरी पडते, ती टाळा. छापायच्या आकाराच्या दीडपट मोठं चित्र काढलंत तर लहान करताना हाताचे बारीकसारीक दोष झाकले जातात. पेन्सिलीची रेखाटणं शाई पूर्ण वाळल्यावरच खोडा, मी रात्रभर थांबते.

स्कॅन

फोन नको. फोनच्या फोटोत एका बाजूला उजेड जास्त पडतो, कडा वाकतात आणि स्वतःची सावली येते. नाइलाजच असेल तर सकाळी गॅलरीत, ऊन थेट न पडणाऱ्या जागी कागद सपाट ठेवा. फोन कागदाला समांतर आणि जरा लांब धरून झूम करा. पण घराजवळ एखादं झेरॉक्सचं दुकान असेल तर तिथे बहुधा सपाट काचेचा, म्हणजे फ्लॅटबेड, स्कॅनर असतो. फक्त काय हवं ते नेमकं सांगावं लागतं. न सांगता दिलंत तर बहुधा 200 किंवा 300 डीपीआयची (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके) दाबलेली पीडीएफ हातात पडते.

सांगायचं असं: 600 डीपीआय, फाइल टीफ किंवा पीएनजी. जेपेग नको, कारण तो फाइल लहान करताना काळ्या रेघेच्या आजूबाजूला धुळीसारखे ठिपके पेरतो, आणि पुढे तेच वेचत बसावं लागतं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळी शाई असेल तर ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या छटांचा स्कॅन, पुरतो. वहीचं पान असेल, कागद पिवळा असेल किंवा रंगीत पेन्सिलीच्या खुणा असतील तर रंगीतच स्कॅन करा. कारण पुढे येईल. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग, टेक्स्ट एन्हान्समेंट अशा सोयी बरेचदा चालू असतात, त्या बंद करायला सांगा.

600 का, हे एकदा हिशेबाने पाहू. 0.3 मिलिमीटर जाडीची रेघ 600 डीपीआयला सुमारे 7 पिक्सेल रुंद येते, 300 ला साडेतीनच. साडेतीन पिक्सेलच्या रेघेला वळण द्यायला जागाच उरत नाही, तिच्या पायऱ्या दिसतात. चित्र मोठं करून छापायचं असेल तर हिशेब आणखी बदलतो. आईंच्या वहीतलं कासव 4 सेंटिमीटरचं आहे. 600 डीपीआयला ते 945 पिक्सेल होतं. तेच पिशवीवर 12 सेंटिमीटर छापलं की डीपीआय उरतो 200. म्हणून मी वही 1200 ला स्कॅन केली, म्हणजे 12 सेंटिमीटरला 400 उरले. चित्र जितक्या पट मोठं करणार, तितक्या पट स्कॅन जास्त. मात्र स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेल्या 9600 वगैरे आकड्यांच्या मागे लागू नका. त्यात खरं बघणं ऑप्टिकल डीपीआयपर्यंतच असतं, त्यापुढचे पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

दोन लहान गोष्टी, ज्यांनी माझे बरेच तास वाचले. स्कॅनरची काच मऊ कापडाने पुसून घ्या, कारण दुकानातल्या काचेवर दिवसभराची बोटं असतात. आणि पानाच्या मागच्या बाजूलाही चित्र असेल तर पानामागे काळा कार्डशीट ठेवा. आईंनी पानाच्या दोन्ही बाजूंना काढलं होतं, त्यामुळे हत्तीच्या पोटात मागचा मोर दिसत होता. काळा कागद ठेवल्यावर मोर जवळजवळ गेला. पान अख्खंच थोडं काळवंडतं, पण सगळीकडे सारखं, म्हणून ते पुढे सहज उजळतं.

पान काचेवर सरळ लावा. नंतर अर्ध्या अंशाने फिरवताना प्रत्येक रेघ थोडी पुसट होते. शिवण घट्ट असलेली वही जोरात दाबू नका, पण पान काचेपासून उचललेलंही राहता कामा नये. पातळ स्कॅनर काचेला चिकटलेलंच नीट बघतात. मी वहीवर जाड शब्दकोश ठेवला होता.

निळ्या रेघा, तांबडा समास आणि पिवळा कागद

वहीतल्या चित्राला चिकटलेली ही तीन लचांडं मला महिनाभर पुरली. सुटली ती एका साध्या युक्तीने, म्हणून ती सावकाश सांगते.

रंगीत स्कॅन म्हणजे प्रत्यक्षात तीन करडी चित्रं एकावर एक: लाल, हिरवा आणि निळा चॅनल. निळ्या चॅनलमध्ये निळी गोष्ट उजळ दिसते, म्हणजे वहीच्या निळ्या रेघा तिथे जवळजवळ नाहीशा होतात. पण तिथे तांबडा समास काळा पडतो आणि पिवळा कागदही मळकट दिसतो. लाल चॅनलमध्ये याच्या उलट: समास गायब, कागद छान पांढरा, पण निळ्या रेघा गजांसारख्या उभ्या. एकेक चॅनल घेऊन मी कितीतरी वेळ घालवला. एकाने हे जायचं, दुसऱ्याने ते.

उपाय असा की दोन्ही एकत्र घ्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी जो जास्त उजळ असेल तोच ठेवायचा. निळी रेघ एका चॅनलमध्ये उजळ आहे, ती गेली. तांबडा समास दुसऱ्यात उजळ आहे, तोही गेला. काळी शाई तिन्ही चॅनलमध्ये काळीच असते, म्हणून ती एकटी उरते. गिंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कलर्स → कंपोनंट्स → डीकंपोज असं जाऊन आरजीबी निवडा आणि ‘लेयर्स’वर खूण करा. तीन करडे लेयर, म्हणजे थर, मिळतात. वरच्या दोन लेयरचा मोड ‘लायटन ओन्ली’ करा आणि तिन्ही एकत्र करा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वहीचं पान नाहीसं होऊन पांढऱ्यावर फक्त आईंची गाय उभी राहिली. मी त्यांना उठवून दाखवलं.

एक सावधगिरी. जुनी काळी शाई तपकिरी पडली असेल तर या युक्तीने तीही फिकट होते. मग हिरवा चॅनल एकटा वापरून उरलेलं हाताने पुसावं लागतं. आणि चित्र निळ्या पेनाने निळ्या रेघांवरच काढलेलं असेल तर रंगावरून वेगळं करता येत नाही. अशा वेळी ट्रेसिंग पेपर ठेवून पुन्हा काळ्या शाईने गिरवणं हाच सगळ्यात जलद मार्ग आहे, त्यात काही कमीपणा नाही.

लेव्हल्स आणि झाडलोट

आता कलर्स → लेव्हल्स. तिथे डोंगरांसारखा एक आलेख दिसतो. उजवीकडचा मोठा डोंगर म्हणजे कागद, डावीकडचा लहान म्हणजे शाई. आलेखाखालचा पांढरा खुंट मोठ्या डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणा, कागद पूर्ण पांढरा होतो. काळा खुंट लहान डोंगराच्या उजव्या पायथ्याशी आणा, शाई गच्च काळी होते. दोन खुंट एकमेकांच्या फार जवळ आणू नका. मधल्या करड्या जागेतच रेघेचं वळण राहतं, ती संपवलीत की कडा करवतीसारख्या होतात. माझ्या वहीला 70 आणि 190 च्या आसपास जमलं (0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा). तुमच्या कागदाचा आकडा वेगळा येईल, म्हणून आलेखाकडे पाहूनच ठरवा. पत्रिकेवरचा तो राखाडी चौकोन इथेच उरला होता: कागद 255 ऐवजी 240 वर राहिला होता. स्क्रीनवर तो पांढरा वाटतो, छापल्यावर दिसतो.

फोनच्या फोटोत एका कोपऱ्यात सावली असेल तर लेव्हल्सच्या आधी एक काम करा. लेयरची नक्कल करा, नक्कल खूप धूसर करा, इतकी की रेघा दिसेनाशा होऊन फक्त उजेड-सावली उरेल, आणि तिचा मोड ‘डिव्हाइड’ करा. सावली बरीचशी भागून जाते.

मग धूळ. पांढऱ्या पुसणीने ठिपके पुसा, पण सगळे नको. टाक अडखळला तिथे शाईचा थेंब सांडला असेल तर तो हातचाच आहे. आईंच्या सूर्याच्या एका किरणाला असा थेंब आहे, तो मी ठेवला.

पारदर्शक करणं: पांढरं पुसायचं नाही, काळं उचलायचं

इथे बहुतेक जण जादूची कांडी घेतात, म्हणजे पांढऱ्यावर क्लिक करायचं आणि डिलीट. मीही तेच करत होते. अडचण अशी की शाईची कड एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर उडी मारत नाही, मध्ये करड्या पिक्सेलची एक-दोन पिक्सेलची किनार असते. कांडी शुद्ध पांढरं तेवढं उचलते आणि करडी किनार मागे ठेवते. पांढऱ्यावर ती दिसत नाही. मरून किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर ठेवलंत की प्रत्येक रेघेला खडूची कड लागल्यासारखी दिसते. कांडीची मर्यादा वाढवलीत तर किनारीबरोबर रेघही कातरली जाते.

म्हणून पांढरं काढू नका. जिथे जितका काळेपणा, तिथे तितकी शाई, असं चित्र नव्याने बांधा. पूर्ण काळ्याच्या जागी भरीव, पूर्ण पांढऱ्याच्या जागी आरपार, आणि किनारीच्या अर्ध्या करड्याच्या जागी अर्धं आरपार. मग खाली कुठलाही रंग असो, किनार त्यात आपसूक मिसळते.

गिंपमध्ये: तयार झालेल्या लेयरवर उजवं क्लिक, ॲड लेयर मास्क (मास्क म्हणजे लेयरचा कुठला भाग किती दिसावा हे ठरवणारी झापड), त्यात ‘ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर’ निवडा आणि ‘इन्व्हर्ट मास्क’वर खूण करा. आता मास्कवर नाही, तर लेयरच्या चित्रावर क्लिक करून तो अख्खा काळ्या रंगाने भरा. रेघा जशाच्या तशा उरतात, कागद गेलेला असतो. रंगीत रेघ हवी असेल तर इमेज → मोड → आरजीबी करून काळ्याऐवजी मरून भरा. पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा. घाईत असाल तर आरजीबी मोडमध्ये कलर्स → कलर टू अल्फा, रंग पांढरा, हेही जवळपास तेच काम करतं. फोटोशॉपवाल्यांनी चॅनल्समध्ये कंट्रोल दाबून चॅनलच्या चित्रावर क्लिक करावं, निवड उलटी करावी आणि नव्या लेयरवर काळा भरावा.

तपासायला खाली एक भडक रंगाचा लेयर ठेवा. मी राणी रंग घेते. त्यावर राहून गेलेला प्रत्येक ठिपका, प्रत्येक फिकट डाग ओरडून दिसतो. कासवाच्या पाठीवरचे निळ्या रेघेचे तुकडे मला तिथेच सापडले, तोवर मी काम झालं म्हणून निघाले होते.

छपाईसाठी दुसरी फाइल

पारदर्शक पीएनजी स्क्रीनवर आणि घरच्या प्रिंटरवर उत्तम चालते. ऑफसेट आणि स्क्रीन प्रिंटिंगला मी वेगळी फाइल देते. छापखान्यात करडी शाई नसते. काळ्या शाईतून करडं दाखवायचं तर यंत्र त्याचे ठिपके पाडतं. आपण जपलेली करडी किनार तिथे ठिपक्यांची होते आणि रेघेची कड खरखरीत छापली जाते. छपाईला हवं ते शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं, पण इतक्या बारीक पिक्सेलमध्ये की पायऱ्या डोळ्याला कळू नयेत. त्यासाठी छापायच्या मापाला 1200 डीपीआय.

क्रम महत्त्वाचा आहे. लेव्हल्स केलेलं, अजून करडी किनार असलेलं चित्र घ्या. आधी छापायच्या मापाचं करा आणि 1200 डीपीआयपर्यंत वाढवा, इंटरपोलेशन, म्हणजे मधले पिक्सेल भरायची पद्धत, क्युबिक ठेवा. मग कलर्स → थ्रेशोल्ड, साधारण मध्यावर, 127 च्या आसपास: त्याहून उजळ ते पांढरं, गडद ते काळं होतं. आधी थ्रेशोल्ड करून मग वाढवलंत तर पायऱ्याच मोठ्या होतात. शेवटी इमेज → मोड → इंडेक्स्ड, त्यात काळा-पांढरा 1-बिट पॅलेट, डिदरिंग (करड्यासाठी ठिपके पाडणं) नको. टीफ म्हणून एक्स्पोर्ट करा.

या 1-बिट टीफची गंमत अशी की तिला वेगळं पारदर्शक करावं लागतच नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा पांढरा भाग आरपारच धरला जातो. आपल्याकडे छपाईवाल्यांकडे बहुधा कोरलड्रॉ असतं. त्यात अशा चित्राचा फिल काढून टाकला की पार्श्वभूमी जाते, आणि आउटलाइनचा रंग दिला की रेघ त्या रंगाची होते. पत्रिका ऑफसेटला जाणार असेल तर आवर्जून सांगा: ‘काळा फक्त के 100,’ म्हणजे फक्त काळी शाई, पूर्ण. स्क्रीनवरचा काळा सीएमवायकेत (छपाईच्या निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शायांत) बदलताना चारही शायांचा मिळून बनतो. मग कागद केसभर सरकला तरी बारीक रेघेला निळी-गुलाबी झाक येते.

स्क्रीन प्रिंटिंगची पिशवी असेल तर रेघेच्या जाडीकडे बघा. ऑफसेटला 0.1 मिलिमीटरची रेघ निघते. मांजरपाटावर मी 0.35 च्या खाली जात नाही, आणि दोन रेघांमधली फट त्याहून थोडी जास्तच ठेवते, कारण शाई कापडात पसरते. पहिल्या वर्षी साखळी बुजली ती यामुळेच: मी चिन्हं निम्म्याने लहान केली होती, कड्यांमधली फटही निम्मी झाली आणि शाईने ती गिळली. दुसऱ्या वर्षी चाळीसेक चिन्हांतली नऊच घेतली, पण मोठी. कोणती नऊ ते आईंनी ठरवलं. पिशवीवरच्या शाईचा रंग कुठलाही असो, छपाईची जाळी ज्यावरून बनवतात ते पॉझिटिव्ह मात्र गच्च काळंच लागतं. मरून शाई ते नंतर त्या जाळीतून छापताना वापरतात, म्हणून त्यांना रंगीत फाइल देऊ नका.

ट्रान्स्फर फिल्मवर छापून कापडावर दाबणारे असतील तर त्यांनाही ही कडक कडेची फाइलच द्या. ते रंगाखाली पांढरा थर देतात, आणि अर्धवट आरपार किनारीखालचा पांढरा थर बाहेर डोकावतो.

ट्रेस करून व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेलं, कितीही मोठं होणारं चित्र) करायचं का, असं मला विचारतात. इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पाथ → ट्रेस बिटमॅप आहे, आणि फ्लेक्स बोर्डाएवढं मोठं करायचं असेल तर ते करावंच. पण ट्रेस वळणं घोटून काढतो. आईंच्या हाताला तेव्हाही थोडा कंप होता. गायीच्या पाठीच्या रेघेत तो दिसतो. ट्रेस केल्यावर गाय छान झाली, पण आईंची राहिली नाही. पिशवीवरच्या 12 सेंटिमीटरच्या चित्राला 1200 ची टीफ पुरते.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो चित्र लहान करतो, जेपेग करतो आणि आरपार जागा भरून टाकतो. इथवरचं सगळं काम एका टॅपमध्ये जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावातच माप लिहा: ‘गौर_12सेमी_1200_काळा’. मूळ स्कॅन कधीही बदलू नका, त्याची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा.

आणि सगळ्या पिशव्या छापण्याआधी एकच छापून मागा. मी वागळे इस्टेटला छापणाऱ्याकडे स्वतः जाते, अक्षय्य तृतीयेच्या निदान दोन आठवडे आधी, कारण नंतर त्यांच्याकडे लग्नाच्या कामांची गर्दी असते. नमुना उजेडात धरून तीन जागा बघते: झोपाळ्याच्या कड्यांतून कापड दिसतंय का, गायीचा डोळा उघडा आहे का, आणि सूर्याच्या किरणांची टोकं तुटली तर नाहीत ना. यंदा तिन्ही नीट होत्या. एका किरणावर शाईचा थेंबही होता. छापणाऱ्याने तो डाग समजून खोडायला घेतला, त्याला थांबवलं आणि शंभर पिशव्यांना होकार दिला.